पापणी आत वळली, गाठ आली, खाली उतरली

मंडळी, आपल्या बेळगावकडे एका घरात पापणी म्हणतात, शेजारच्या कानडी घरात रेप्पे म्हणतात. तक्रार मात्र दोन्हीकडे सारखीच: ‘डोळ्यात सारखं काहीतरी खुपतंय.’ साठीपुढच्या माणसानं असं सांगितलं, तर थेंब लिहून देण्याआधी त्याची खालची पापणी नीट बघावी. पुष्कळदा तिची कड आत वळलेली असते आणि केस बुबुळावर घासत असतात. यालाच एन्ट्रोपियन म्हणतात.

कड आत का वळते हे कळलं, की ऑपरेशन समजायला सोपं जातं. पापणीच्या आत टार्सस नावाची घट्ट पट्टी असते. वरच्या पापणीत तिची उंची सुमारे 10 मिलिमीटर, खालच्या पापणीत जेमतेम 4. दोन्ही टोकांना ती हाडाशी बांधलेली असते आणि पातळ तंतू तिला खालून ताणून धरतात. वयाबरोबर टोकांचे बंध सैल होतात, खालचे तंतू सुटतात आणि डोळा मिटणारा स्नायू कडेवर चढून तिला आत ढकलतो. परीक्षा सोपी आहे. पापणी चिमटीत धरून पुढे ओढा. ती डोळ्यापासून 8 मिलिमीटरहून जास्त लांब गेली, किंवा सोडल्यावर मिचकावल्याशिवाय जागेवर आली नाही, तर ती सैल आहे.

थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विरघळणारे 3 टाके आतून बाहेर, केसांच्या खाली काढून कड बाहेर वळवता येते. काम थोड्या वेळाचं आहे, पण सैलपणा तसाच राहतो म्हणून पापणी बऱ्याचदा पुन्हा वळते. टिकाऊ काम हवं असेल तर पापणी आडवी घट्ट करावी लागते आणि सुटलेले तंतू पुन्हा टार्ससला जोडावे लागतात. घट्ट करण्यासाठी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद घेऊन खालचा बंध सोडवतात, टार्ससचं टोक कातडी आणि केसांपासून मोकळं करतात आणि खोबणीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या आवरणाला टाक्यानं बांधतात. ‘आतल्या बाजूच्या’ हा शब्द महत्त्वाचा. टाका हाडाच्या पुढच्या कडेवर बसला तर पापणी बुबुळाला चिकटून राहत नाही, कोपऱ्यात फट पडते आणि पाणी वाहत राहतं. पापणी बाहेर लोंबते, त्या एक्ट्रोपियनलाही बहुतेक वेळा हेच ऑपरेशन चालतं. अशा माणसानं डोळे पुसताना रुमाल खाली ओढू नये, वर आणि नाकाकडे टिपावं.

घरी चिमट्यानं केस उपटण्याची सवय मात्र सोडा. उपटलेला केस काही आठवड्यांत परत येतो आणि आखूड, ताठ असल्यामुळे जास्त बोचतो. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत केसांच्या खालून गालाकडे ताण देऊन चिकटपट्टी लावावी. ऊसतोड, भातकापणी, निपाणीकडची तंबाखूची धूळ, या सगळ्यांत घासलेल्या बुबुळाला वनस्पतीच्या कणातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. मग फूल पडतं आणि दृष्टी जाते, म्हणून घाई करायची.

वरची पापणी आत वळली असेल तर खुपरीचे, म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्याच्या संसर्गाचे, जुने वण शोधावेत. खुपरी भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलं. पण ज्यांना लहानपणी ती झाली, त्यांच्या पापणीतले वण राहतातच. तिथे कडेपासून 3 मिलिमीटरवर टार्सस कापून कड बाहेर फिरवून शिवतात.

आता गाठीकडे येऊ. रांजणवाडी दुखते, लाल होते आणि बहुतेक वेळा आपोआप फुटते. न दुखणारी, वाटाण्यासारखी कडक गाठ म्हणजे कॅलॅझियन: पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचं तोंड बुजून साचलेला ऐवज. आधी महिनाभर, दिवसातून 3-4 वेळा, 5 ते 10 मिनिटं कोमट शेक आणि हलकं चोळणं. बऱ्याच गाठी एवढ्यानंच विरतात. उरली तर भूल देऊन, गोल चिमट्यात पापणी धरून उलटवतात आणि आतून उभा छेद घेतात. उभाच, कारण ग्रंथी उभ्या रांगेत असतात. आडवा छेद शेजारच्या अनेक ग्रंथी तोडतो. कडेपासून 2-3 मिलिमीटर अलीकडेच थांबायचं, नाहीतर कडेला कायमची खाच पडते. आतला ऐवज खरवडून काढतात, टाका लागत नाही. पन्नाशीनंतर त्याच जागी गाठ पुन्हा आली, किंवा तिथले केस झडले, तर काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) घालून तपासणीला गेलाच पाहिजे. तेलाच्या ग्रंथीचा कर्करोग साध्या गाठीचं सोंग घेतो आणि तुकडा फेकून दिल्यानं तो हातचा निसटतो.

पापणी खाली उतरण्यात, म्हणजे टोसिसमध्ये, ऑपरेशनची निवड मोजमापावर ठरते. भुवई अंगठ्यानं दाबून माणसाला खाली आणि मग वर बघायला लावतात. पापणी 12 मिलिमीटर किंवा जास्त उचलली गेली, तर उचलणारा स्नायू आवळून काम होतं. 4 किंवा कमी असेल तर तो स्नायू निरुपयोगी. सिलिकॉनच्या दोरीनं पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते. त्यानंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, म्हणून रात्री मलम घालायचंच. बाळाची बाहुली झाकली जात असेल तर ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणू नका, डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट वाढत नाही. संध्याकाळी जास्त उतरणारी पापणी आधी मायस्थेनियासाठी (स्नायू लवकर थकवणाऱ्या आजारासाठी) तपासावी. आणि अचानक उतरलेली पापणी, मोठी झालेली बाहुली, डोकेदुखी हे एकत्र आलं तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगवटा असू शकतो. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशनआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर सांगा. त्या बंद करायच्या की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. नंतर 2 दिवस बर्फाचा शेक आणि उशी उंच ठेवणं. कातडीचे टाके 5 ते 7 दिवसांनी काढतात. सूज, निळसरपणा अपेक्षित आहे. पण तीव्र ठणका, डोळा पुढे ढकलल्यासारखा कडक होणं आणि नजर अंधुक होणं, म्हणजे आत रक्तस्राव होतोय. टाके उघडून कोपऱ्याचा बंध तोडून दाब सोडावा लागतो आणि त्यासाठी हातात साधारण दीड-दोन तासच असतात. कणकुंबी, लोंढ्यासारख्या लांबच्या गावातल्या माणसानं पापणी शिवून घेतली, तर पहिली रात्र बेळगावातच काढावी. पट्टी करकचून बांधून एसटीत बसू नये, कारण पट्टीखाली नजर गेलेली कळतच नाही.