पाचवा रकाना

पत्रिकेत माझा विषय 'साम्यवादानंतरचं म्हातारपण' असा छापलाय. त्यावर बोलणारच आहे. पण आधी मला एका रकान्याबद्दल बोलू द्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अध्यक्ष मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतायत, तेही दिसतंय मला.

१९७९ साली मी इंजिनियरिंग शिकायला मॉस्कोला गेलो. अलिबागचं पोर, अंगावर काकांचा ओव्हरकोट, आणि काका माझ्यापेक्षा वीतभर उंच! आम्हाला रशियन शिकवायला एक बाई होत्या. नाव सांगत नाही. तिथे शिक्षकांना वडिलांच्या नावासकट हाक मारतात, आणि त्यांच्या वडिलांचं नाव ऐकलं की समोरच्याला लगेच कळायचं, बाई ज्यू आहेत.

न कळलं तरी सरकारला माहीत होतंच. सोव्हिएत माणसाला सोळाव्या वर्षी देशातल्या देशात वापरायचा पासपोर्ट मिळे. त्यात राष्ट्रीयता लिहिलेली असे: रशियन, युक्रेनियन, ज्यू. नोकरीच्या फॉर्मवर ही माहिती पाचव्या क्रमांकाला, म्हणून सगळे नुसतं 'पाचवा रकाना' म्हणत. तुम्ही सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचं, तोंड पाहिलेलं नसो, ज्यूंचा सुट्टीचा शनिवार कशाशी खातात हे ठाऊक नसो, आईबाप दोघंही ज्यू असले की तुम्ही ज्यू. विद्यापीठातल्या प्रवेशाला, बढतीला तो रकाना आडवा येई. तिथे अपंगत्वाचे गट तीनच. बाई म्हणायच्या, "मी पाचव्या गटातली अपंग." हसा, हसा. विनोद त्यांचा नव्हे, सगळ्या मॉस्कोचा होता. आपल्याकडे दाखला मिळावा म्हणून कचेरीत खेटे घालतात, तिकडे नोंद झाकावी म्हणून घालत.

बाईंचा जन्म १९२५चा, कीव्हचा. १९४१ साली आईबरोबर त्या ताश्कंदला गेल्या. आजी-आजोबा मागे राहिले. सप्टेंबरच्या २९ आणि ३० तारखेला जर्मनांनी कीव्हच्या बाबी यार नावाच्या घळीत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. हा आकडा त्यांच्याच अहवालातला. त्यात ते दोघं होते. सरकारने तिथे मोठं स्मारक उभारलं ते १९७६मध्ये, आणि त्यावर लिहिलं, सोव्हिएत नागरिक. ज्यू हा शब्दच नाही. बाई म्हणायच्या, "जिवंत असेपर्यंत आम्ही कागदावर ज्यू, आणि मेलो की दगडावर सोव्हिएत."

१९५३च्या जानेवारीत डॉक्टरांच्या कटाची बातमी छापून आली. ज्यू डॉक्टर पुढाऱ्यांना औषधातून मारतायत म्हणे. बाईंची आई डॉक्टर. पेशंट तिच्या हातचं इंजेक्शन घेईनात, मग नोकरीच गेली. ५ मार्चला स्टालिन गेला, आणि एप्रिलमध्ये सरकारनेच सांगितलं की कट वगैरे काही नव्हता. आता ऐका. स्टालिन गेला त्या दिवशी मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. सुटलो म्हणून नव्हे हो, पोरक्या झालो म्हणून! हे सांगताना बाईंना स्वतःचीच लाज वाटायची आणि हसूही यायचं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर विषय. १९९४मध्ये मी कंपनीच्या कामाने पुन्हा गेलो. पूर्वी पैसे होते अन् दुकानात माल नव्हता, आता माल आहे अन् पैसे नाहीत, हे तिकडची प्रत्येक आजी सांगते. बाईंनीही सांगितलं, ते सोडून देतो. त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीसाठी पाच हजार रुबल साठवले होते. २ जानेवारी १९९२ला सरकारने किमती मोकळ्या सोडल्या आणि त्या एका वर्षात महागाई पंचवीसपटींवर गेली. "गलूबचिक," म्हणजे बाळा, मला म्हणाल्या, "आता मरणं परवडत नाही, म्हणून जगतेय."

मुलगा १९९०मध्येच इस्राएलला गेला. त्या एका वर्षात सोव्हिएत संघातून तिथे १,८५,००० माणसं गेली. सून रशियन. तेव्हाचा विनोद असा, की ज्यू नवरा ही चैन नाही, ते प्रवासाचं साधन आहे! हायफात शेजारी मुलाला 'रशियन' म्हणतात, म्हणून बाई गेल्या नाहीत. "एका जन्मात किती रकाने बदलू?" एका ज्यू संस्थेकडून म्हाताऱ्यांना तेल, साखर, धान्य मिळे. त्यासाठी पुरावा लागे. कपाटातून तोच पासपोर्ट, तोच रकाना.

बाबी यारला १९९१मध्ये सात फाट्यांच्या दिव्याचं, ज्यूंचं म्हणून स्मारक झालं. १९९७मध्ये रशियाने नवा पासपोर्ट काढला, त्यात राष्ट्रीयता नाही. मी १९९९ला गेलो तेव्हा बाईंनी जुना बदलून घेतला नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "प्रार्थना येत नाही, आमची यिद्दिश भाषा विसरले. हे पान गेलं तर माझ्याकडे काय उरलं?"

लोकशाही, पेन्शन, औषधांच्या किमती, सगळं राहिलं. दोनच मिनिटं घेतो.

मी त्यांना आमच्या अलिबागच्या बेने इस्राएलांबद्दल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंबद्दल, सांगितलं होतं. पेणकर, रोहेकर, किहीमकर. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. घरात मराठी. बाईंना पटेचना. "त्यांच्या कागदावर हे कोण लिहायचं?" म्हटलं, कोणीच नाही, घाणा बंद दिसला की गावाला कळायचं. त्यांनी फोटो मागितला. परत आल्यावर मी इस्राएल आळीतल्या सिनेगॉगचा एक काढून पाठवला.

उत्तर आलं, चार ओळींचं. इमारत आवडली. पण फोटोत माणसं का नाहीत? मी कळवलं, बहुतेक सगळे इस्राएलला गेले. मग पुन्हा पत्र: "त्यांना तर कोणी त्रास दिला नव्हता ना? मग का गेले?"

या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, असं करत राहिलं.

हो, उठतो, उठतो.