समोरचा बोलतो तेव्हा नूतन

मंडळी, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं. आमंत्रणात माझ्या नावापुढे अभ्यासक वगैरे छापलंय ते मनावर घेऊ नका, मी अभ्यासक नाही, फॅन आहे, सरळ सरळ फॅन. नौपाड्यातली, आणि वंदना म्हटलं की एसटी स्टँड नाही तर टॉकीज आठवते त्या पिढीतली. आता ठाण्यात मल्हार, गणेश, अशोक अशी एवढी थेटरं होती तरी हिंदी पिक्चरची हिरोईन नूतन मला भेटली ती मात्र टीव्हीवर, रविवारच्या दूरदर्शनच्या पिक्चरमध्ये, शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून, कारण मी शाळेत होते तोवर तिचे गाजलेले पिक्चर जुने झालेले होते.

आज मला तिच्याबद्दल एकच सांगायचंय. ही बाई सगळ्यात भारी काम कधी करते, तर समोरचा बोलत असतो तेव्हा.

'सुजाता' घ्या, १९५९, दिग्दर्शक बिमल रॉय. त्यातलं ते फोनवरचं गाणं, तलत महमूदचा आवाज, सचिनदा बर्मनांची चाल, तिकडून सुनील दत्त अख्खं गाणं म्हणतोय आणि इकडे नूतन नुसती रिसीव्हर कानाला लावून उभी. तिला एक ओळ नाही. एखाद्या दुसऱ्या नटीला सांगा की बाई गं, गाणं त्याचं आहे, तू फक्त ऐक, ती पापण्या फडफडवेल, पदराशी चाळा करेल, काहीतरी करून कॅमेऱ्याला आपल्याकडे खेचेलच. नूतन तसलं काही करत नाही. तिला आधी सुख होतं ते दिसतं, मग हे सुख आपल्याला झेपणारं नाही हे तिच्या लक्षात येतं तेही दिसतं, कारण सुजाता अस्पृश्य आईबापांची, वाढलीय ब्राह्मणाच्या घरात, आणि समोरून गाणारा त्याच समाजातला. मग डोळे भरतात. हे सगळं एका चेहऱ्यावर, एका गाण्यात. (आणि जाता जाता, त्या बंगाली ब्राह्मण घरातल्या बायका बघा कोण, सुलोचनाबाई, ललिता पवार, शशिकला आणि नूतन. अख्खं स्वयंपाकघर मराठी!)

तिच्या सुरुवातीबद्दल पटकन सांगते, ते तुम्हाला माहीत असणार. जन्म १९३६, वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक, आई शोभना समर्थ, म्हणजे पडद्यावरची सीता. आईनेच १९५० मध्ये 'हमारी बेटी' काढून मुलीला लाँच केलं. पुढच्या वर्षीच्या 'नगीना'ला ए सर्टिफिकेट मिळालं आणि वय कमी म्हणून हिरोईनलाच थेटरात आत सोडेनात हा किस्सा सांगतात. मग मिस इंडिया, मग स्वित्झर्लंडला शिक्षण, आणि परत आल्यावर १९५५ चा 'सीमा', त्याला पहिलं फिल्मफेअर. गौरी म्हणून काय पेटलेली पोरगी आहे ती! पण मला विचाराल तर त्यात ती अजून जोरात होती, गप्प राहण्यातली ताकद तिला नंतर सापडली.

गप्प म्हटलं की 'बंदिनी'. १९६३. तिचं लग्न १९५९ लाच झालेलं, नेव्हीतले रजनीश बहल, मुलगा झालेला, आणि हिरोईनचं लग्न झालं की संपलं असा तेव्हाचा हिशोब. बिमलदांनी तिला परत आणली. त्यातला विषाचा सीन आठवा. कल्याणी, म्हणजे नूतन, हॉस्पिटलात काम करतेय, तिथल्या त्या चिडचिड्या पेशंटचा चहा करायचाय, आणि तिला कळलंय की ही बाई म्हणजे आपल्या माणसाची बायको. स्टोव्ह पेटलाय, बाहेर कुणीतरी लोखंडावर घण घालतंय, वेल्डिंगचा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर येतोय जातोय. डायलॉग जवळजवळ नाहीच. खून करायचा हे ठरतं कधी, तो क्षण शोधून काढा बघू, मी खूप वेळा रिवाइंड करून बघितलंय, मला नाही सापडत. तो हळूहळू चढत जातो. इथे ती माणसाचं नाही तर त्या घणाचं ऐकतेय असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल या बाईंना रडकी नूतनच आवडते. अजिबात नाही हो! 'दिल्ली का ठग'मध्ये किशोरकुमारसमोर १९५८ साली स्विमसूट घालून धमाल करणारी तीच. 'तेरे घर के सामने'मधलं कुतुबमिनारच्या जिन्यातलं गाणं बघा, खरा जिना अरुंद म्हणून सेटवर शूट केलेलं, देव आनंद गातोय आणि ही ऐकत ऐकत पायऱ्या उतरतेय, पुन्हा ऐकणंच, पण इथे ऐकण्यात खोडी आहे, चल रे, बघू अजून काय काय म्हणतोस ते. 'मिलन'मध्ये सुनील दत्त नावाडी तिला गाणं शिकवतो तेव्हा ती शिष्या, आणि चुकण्याची सुद्धा मजा घेते. आणि हो, तिला स्वतःला गाता यायचं, 'छबिली'त स्नेहल भाटकरांनी तिच्याकडून गाऊन घेतलंय, जरूर ऐका.

नायिका म्हणून पाच फिल्मफेअर. सीमा, सुजाता, बंदिनी, मिलन, मैं तुलसी तेरे आंगन की. त्यातले तीन पिक्चर लग्नानंतरचे, आणि शेवटचा १९७८ चा, म्हणजे वयाच्या ४२ व्या वर्षी. तो आपल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरचा. खरं सांगू, मला तो पिक्चर जरा भडक वाटतो, पण ती त्यात आली की भडकपणा खाली बसतो. या पाचाची बरोबरी पुढे २०११ मध्ये तिच्याच भाचीने, काजोलने केली.

पण माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम 'सौदागर', १९७३, आणि त्याला फिल्मफेअर मिळालं नाही. अमिताभ खजुराचा रस काढून गूळ विकणारा मोती, आणि ती विधवा महजबी, जिच्या हातचा गूळ बाजारात भाव खातो. तो तिच्याशी लग्न करतो ते त्या हातासाठी, तिच्या मेहनतीवर पैसे साठवतो, मग तिला तलाक देऊन तरुण पद्मा खन्नाला घरी आणतो, आणि नवीचा गूळ बिघडतो. शेवटी तोच मडकी घेऊन हिच्या दारात. अमिताभ तिथे सगळं बोलून टाकतो, पण आपण बघत बसतो हिच्याकडे. राग येतो, जातो, परत येतो, आणि मग बाहेर उभ्या असलेल्या त्या दुसरीवर नजर जाते. अहो, त्या दुसरीला ती जवळ घेते! डायलॉग लिहिणाऱ्याने तिथे काहीही लिहिलं असतं तरी ते कमी पडलं असतं.

नंतर आईच्या भूमिका, 'मेरी जंग'ला सहायक म्हणून फिल्मफेअर, 'कर्मा'त दिलीपकुमारसोबत पहिल्यांदाच, तेही १९८६ साली! १९९१ च्या फेब्रुवारीत कॅन्सरने गेली, ५४ व्या वर्षी.

हं, काय विचारतेयस गं? एकही पाहिला नाही, कुठून सुरुवात करू? 'बंदिनी'पासून नको, कंटाळशील आणि मला शिव्या घालशील. आधी 'तेरे घर के सामने' बघ, मग 'सुजाता', मग 'सौदागर'. आणि बघताना फोन बाजूला ठेव, नाहीतर गाणं ऐकू येईल पण ती दिसणार नाही. काका, तुमचा मीनाकुमारीचा प्रश्न मी ऐकला हो, पण त्याला वेगळी संध्याकाळ लागेल, आणि आपल्याला साडेआठला हॉल रिकामा करायचाय.