ईखाबोद म्हणजे वजन नाही

श्रोतेहो, नमस्कार. आणि आमच्या नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी ऐकत असतील, तर त्यांना सलाम.

विषय दिलाय पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, अनोळखी नावांचा आणि शब्दांचा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मधेही सांगेन. हिब्रू नावात अख्खं वाक्य असतं. दानीएल, यहेज्केल, यांच्या शेवटी जो 'एल' येतो तो देव. दानीएल, देव माझा न्यायाधीश. यहेज्केल, देव बळ देतो. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंनी, या यहेज्केलचा हसाजी केला आणि शमुवेलचा सामाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १७९६ साली बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी. 'जी' लागला की परका माणूस घरचा होतो.

बरं. आता माझ्या थोरल्या काकांचं ऐका.

काका साखर कारखान्यात काट्यावर कारकून. उसाच्या गाड्या आत येणार, काका वजन घेणार, पावती फाडणार. तीन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला तेव्हा काकांनी ठरवलं, नाव असं पाहिजे की तालुक्यात दुसरं नको. जॉन, डेव्हिड, सॅम्युएल तर घरटी एक. मग एका रात्री कंदिलाजवळ बसून त्यांनी डोळे मिटले, शास्त्र उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. बोट पडलं ते 'पहिला शमुवेल' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात. नाव निघालं, ईखाबोद.

काकांना आवाज आवडला. मागचंपुढचं काही वाचलं नाही, सरळ पेढे सांगून आले.

पहिली हरकत आजीची. तिला हिब्रू कुठलं यायला! पण आमच्याकडे इख म्हणजे विष. "लेकराला इख म्हनतूस व्हय रं? आन् त्ये बी बोट घालून?" काका म्हणाले, "आये, देवाचं वचन हाय." आजी गप्प झाली, पण पेढा काही घेतला नाही.

रविवार आला. देऊळ भरलेलं. पाळकसाहेबांनी बाळ डाव्या हातावर घेतलं, उजव्या ओंजळीत पाणी घेतलं आणि विचारलं, "बाळाचं नाव?" काका काट्यावर गाडीचा नंबर पुकारावा तसे पुकारले, "ईखाबोद!"

पाळकसाहेबांचा हात तिथेच थांबला. पाणी बोटांतून गळायला लागलं, झग्याची बाही कोपरापर्यंत ओली झाली. हळूच म्हणाले, "अहो, तो अध्याय सगळा वाचलात का?"

सगळा अध्याय असा आहे. एली नावाचा याजक, वय वर्षे ९८, दृष्टी गेलेली. लढाईत पलिष्ट्यांनी त्याचे दोन्ही मुलगे मारले आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, पळवला. कोश गेल्याचं ऐकताच म्हातारा आसनावरून मागे कोसळला, मान मोडून गेला. त्याची सून दिवस भरलेली. हे ऐकून तिला कळा लागल्या. मुलगा झाला, आणि जीव जाता जाता ती म्हणाली, ईखाबोद. इस्राएलाचं वैभव गेलं. 'कावोद' म्हणजे वैभव, आणि 'ई' म्हणजे नाही, किंवा कुठे आहे?

पण खरी गंमत पुढे आहे. या 'कावोद'चं मूळ जड असण्यात आहे. वजन! आपण म्हणतो ना, त्यांच्या शब्दाला वजन आहे? तेच. म्हणजे काट्यावरचा माणूस पोटच्या पोराचं नाव ठेवत होता, 'वजन नाही'. पाळकसाहेबांनी हे सांगितलं मात्र, मागच्या बाकावरचे ऊसवाले शेतकरी असे हसले की बाळ दचकून रडायला लागलं.

मग पाळकसाहेबांनीच वाट काढली. राहेल बाळंतपणात मेली तेव्हा मुलाला बेनओनी म्हणाली, माझ्या दुःखाचा पुत्र. बाप याकोब, त्याने ते राहू दिलं नाही. त्याने केलं बन्यामीन, उजव्या हाताचा पुत्र. "तुम्हीही बापच आहात," पाळकसाहेब म्हणाले. काकांनी मान डोलावली. भाऊ आमचा कागदोपत्री बन्यामीन झाला. गावात अजून इख्याच आहे.

तर हिब्रू नावात अख्खं वाक्य असतं, आणि पुष्कळदा ते आईने कळा सोसताना उच्चारलेलं. शास्त्रातल्याच याबेसच्या नावात वेदना आहे, आईने तसं सांगूनच ठेवलं. आपल्याकडे दगडू, धोंडू, नकुशी नव्हत्या का? सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ नकुशींनी नवी नावं घेतली, ती याकोबाचीच रीत. आणि आता पाहावं तर सगळे रियांश, कियांश. अर्थ विचारला तर आईबाप मोबाइल काढतात. असो.

शब्दांना वेळ थोडाच उरलाय. वल्हांडण. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, ज्या घरांच्या दारांच्या बाह्यांना कोकराचं रक्त होतं ती घरं मृत्यूने ओलांडली, तो हा सण. हिब्रूत पेसाख. मराठी शास्त्रात वल्हांडण. आमची आजी रोज म्हणायची, "उंबरा वल्हांडून आत ये." असा घरातला शब्द असताना आमचे तरुण उपदेशक 'पासओव्हर' म्हणतात, तेव्हा माझं डोकं उठतं. ज्याने कोणी हा शब्द निवडला त्याच्या आजीला माझा सलाम.

शेवटचा, सेला. स्तोत्रांत ७१ वेळा येतो. लहानपणी मला वाटायचं, हा खांद्यावरचा शेला. पंडितांचं अजून एकमत नाही, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना 'इथे थांबा' अशी ती खूण असावी, असं बरेच जण म्हणतात. काचेपलीकडून मघापासून मलाही कुणीतरी हात दाखवतंय. सेला.