पान किती तास ओलं राहिलं?

नमस्कार, श्रोतेहो. फळछाटणीनंतर द्राक्षबागेत रोज सकाळी एक प्रश्न विचारायचा असतो: पान किती तास ओलं राहिलं? हा प्रश्न मला निफाड तालुक्यातल्या माझ्या मामीनं शिकवला.

साल २००९. अकरा नोव्हेंबरला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं आणि त्याचा पाऊस नाशिकवरही कोसळला. मामांची अडीच एकर बाग फुलोऱ्यावर यायच्या बेतात होती. काळी जमीन अशी फुगली की ट्रॅक्टर बांधावरूनच परत फिरवावा लागला. मामा आणि मी पाठीवर पंप घेऊन आत शिरलो, तर गमबूट चिखलात रुतायचा आणि नुसता पाय वर यायचा. दोन ओळी फवारून होतात न होतात, तोच पुन्हा भुरभुर सुरू.

चार दिवसांनी लख्ख ऊन पडलं. बाग हिरवीगार. आम्ही म्हटलं, वाचलो! मामी मात्र गवत काढता काढता थांबली. एक पान तोडून तिनं उजेडाकडे धरलं. तेलाचं बोट लागावं तसा पिवळट, तेलकट ठिपका होता. मामा म्हणाले, "औषधाचा डाग असेल." मामी काही बोलली नाही. घरी येऊन तिनं पोळ्यांचा डबा रिकामा केला, आत ओलं फडकं अंथरलं, पान पालथं ठेवलं, झाकण लावलं आणि डबा ओट्याखाली सरकवला.

पहाटे पाचला तिनं मला हाक मारली. वीज नव्हती. बॅटरीच्या उजेडात झाकण काढलं. आदल्या दिवशी जिथं ठिपका होता, बरोबर तिथंच पानाच्या खालच्या अंगाला पिंजलेल्या कापसासारखी पांढरी लव आली होती. एका रात्रीत! मामी एवढंच म्हणाली, "अहो, या. डाऊनी आहे." मामा डब्याशेजारी खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. आठवड्याभरात घडांचे दांडे तपकिरी पडले. हात लावला की कळ्या झडायच्या.

डाऊनी म्हणजे आपला केवडा, द्राक्षवेलीवरचा बुरशीसारखा रोग. याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहतात आणि खालच्या बाजूच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. वीस ते पंचवीस अंश तापमान आणि ओलं पान, एवढ्यावर त्याचं भागतं. पुन्हा सांगतो: ओलं पान. आपल्या आधीच्या पिढीनं फळछाटणी ऑक्टोबरात बसवली ती पाऊस उघडतो या भरवशावर. तो भरवसा आता राहिलेला नाही. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि अरबी समुद्रही तापतो आहे. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर क्यार वादळ, पाठोपाठ महा वादळ. २०२३ मध्ये २६ नोव्हेंबरला निफाडला गारा. रोग जुनाच आहे, त्याला ओलं पान मिळण्याचे दिवस वाढलेत. पाऊस नसेल आणि नुसतं ढगाळ असेल तर भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी, आहेच; तिला पान ओलं असण्याचीही गरज नाही.

म्हणून छाटणीनंतरचे दिवस मोजून फवारणी करू नका. आंतरप्रवाही नसलेलं, म्हणजे पानाच्या आत न भिनणारं औषध पावसाआधी पानावर असेल तरच राखण करतं. पावसाआधी, श्रोतेहो!

आणि एक मागणं आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाखाली बायका पाऊस लिहून ठेवतात, ती पानं रद्दीत देऊ नका. मामीकडे अठरा वर्षांची आहेत. कुठल्या नोव्हेंबरात किती दिवस पान ओलं राहिलं, ते त्यांत सापडतं. माझ्या मते गावच्या हवामानाची यापेक्षा चांगली नोंद दुसरी नाही, आणि शाळेत मुलांकडून ती रोज लिहून घ्यायला हवी.

शहरातल्या श्रोत्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. द्राक्षाच्या मण्यावर दिसणारी पातळ पांढुरकी झाक बहुतेकदा मण्याचं स्वतःचं मेण असतं. ती पाहून घड परत ठेवू नका. द्राक्षं धुवा आणि खा.

तो पोळ्यांचा डबा पुन्हा पोळ्यांना वापरला गेला नाही. परवा मामीला फोन केला, तिकडे दोन दिवस ढग आहेत. म्हणाली, "कालच एक पान ठेवलंय. सकाळी उघडते."