न चाखलेल्या चहाची प्रसिद्धी

(नागपुरातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

राजेहो, 'उत्तर-आधुनिकता' हा शब्द ऐकताच मागच्या रांगेतल्या दोघांनी मोबाइल काढले, ते मला इथून दिसलं. राहू द्या हातात, विषय त्याच्याच पोटातला आहे: उत्तर-आधुनिक, म्हणजे अस्सल आणि नक्कल यांतली रेघ पुसट झालेल्या काळातली प्रसिद्धी. आणि उदाहरणासाठी पॅरिस गाठायची गरज नाही, आपल्या नागपुरातल्या सदर भागापर्यंत गेलं तरी भागतं.

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस बिल गेट्स यांनी इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ टाकला. त्यात सदरला टपरी लावणारा आपला डॉली चहावाला त्यांना चहा करून देतो. चित्रीकरण झालं हैदराबादला. पुढे डॉलीने पत्रकारांना सांगितलं, की हे गृहस्थ कोण ते मला ठाऊकच नव्हतं, कुणी विदेशी पाहुणा असेल असं वाटलं. आपण सगळे हसलो. मला मात्र त्यात व्यवहार दिसला. पूर्वी लहान माणूस मोठ्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढायचा आणि तो फ्रेम करून बैठकीत लावायचा. इथे जगातल्या अतिश्रीमंतांपैकी एकाला भारतीय लोकांच्या मोबाइलवर पोहोचायचं होतं, आणि त्यासाठी त्याने एका टपरीवाल्याची प्रसिद्धी उसनी घेतली. डॉली आधीच व्हायरल होता, म्हणून तर त्याला बोलावणं आलं.

आता त्याचं काम जरा जवळून पाहा. गॉगल, गळ्यात साखळ्या, रंगवलेले केस. दुधाची धार हातभर उंचावरून, पातेल्याकडे न बघता. ग्लास पुढे करताना मनगटाला एक झटका, सुटे पैसे परत करताना दुसरा. चहा उकळायला मिनिटं लागतात. ती मिनिटं कुणी चित्रित करत नाही, चित्रित होतो तो झटका. आणि चव? ती पडद्यावर येऊच शकत नाही. ज्या लाखो लोकांना डॉली ठाऊक आहे, त्यांतल्या बहुतेकांनी त्याचा चहा प्यायलेला नाही आणि पिणारही नाहीत. चहावाला म्हणून गाजलेल्या माणसाच्या प्रसिद्धीत चहाच नाही! हे मी त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. त्याची हातोटी पक्की आहे, उन्हातान्हात उभं राहून कमावलेली आहे. पण जे कमावलं ते आणि जे गाजलं ते, या दोहोंत फट पडली आहे.

ही लकब दक्षिणेतले सिनेमे पाहून उचलली, असं त्याने सांगितलेलं आहे. तिथून धागा ओढत गेलं की मजा येते. दक्षिणेतल्या पडद्यावरच्या स्टाइलचा बादशहा रजनीकांत. मूळचा शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी घरातला, सिनेमात येण्यापूर्वी तिथल्या सिटी बसचा कंडक्टर. तिकीट देण्याची त्याची ढब प्रवाशांत तेव्हाच गाजलेली होती, असं सांगतात. म्हणजे कामाच्या जागी घडलेली एक ढब सिनेमात गेली, तिथून तसल्याच लकबी सदरच्या टपरीवर उतरल्या, टपरीवरून रीलमध्ये, आणि आता गावोगावचे चहावाले ते रील पाहून हात उंचावतात. यात अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती? ज्याँ बोद्रिलार या फ्रेंच विचारवंताने १९८१ मध्ये अशा नकलांबद्दल लिहिलं, ज्यांचं मूळ शोधायला गेलं तर हाती दुसरी नक्कलच लागते. त्याची भाषा भयंकर अवघड आहे, मीही सगळी पचवलेली नाही. पण ही साखळी त्याला नक्की आवडली असती.

'पुढे प्रत्येक जण पंधरा मिनिटं प्रसिद्ध असेल' हे अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या नावावर खपणारं वाक्य तुम्हाला पाठ असेल, ते मी सोडून देतो. त्याहून चपखल बोलला तो मोमस नावाचा स्कॉटिश गायक, १९९१ मध्ये, यूट्यूब यायच्या चौदा वर्षं आधी: पुढे प्रत्येक जण पंधरा माणसांत प्रसिद्ध असेल. आज तेच झालंय. आकाशवाणीच्या दिवसांत एखादं नाव गाजलं की ते महाल, धंतोली, इतवारी अशा शहरातल्या साऱ्या मोहल्ल्यांत एकदमच गाजायचं, कारण रेडिओ एकच असायचा. आता एकाच घरात मुलगी ज्याच्यासाठी जीव टाकते त्याचं नाव वडिलांनी ऐकलेलं नसतं. दोन खोल्यांमध्ये दोन वेगवेगळे महानायक. चाहते लाखांत आणि शेजारी विचारतो, "हा काहून ओळखीचा असावा बे मला?"

जवळीकही बदलली. हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच टिपलं होतं, की टीव्हीवर रोज दिसणारा निवेदक प्रेक्षकाला मित्र वाटू लागतो, पण नातं एकतर्फीच राहतं. आता कॉमेंटमध्ये "दादा, जेवलास का?" विचारलं तर दादा कधीमधी बदाम टाकतो. तेवढ्यानेही माणूस आठवडाभर खूश.

पण ही सगळी उभारणी दुसऱ्याच्या जागेवर आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ अ‍ॅप्स बंद केली, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यांतल्या किती तरी नाचणाऱ्या-गाणाऱ्या पोरापोरींचे चाहते एका रात्रीत गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इन्स्टाग्रामने रील्स आणलं, पण तिथे पुन्हा शून्यापासून. काहींना जमलं, बरेच परत शेतावर गेले.

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या मारबतीच्या मदतीने सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडेचे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे. वर्षभर जो कुणी लोकांच्या डोक्यात गेला, त्याचा बडग्या. माणूस घरी सुरक्षित, त्याचा पुतळा गल्लीबोळांतून फिरतो, लोक घसा फोडून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडतात आणि सगळं जाळून घरी जातात. दुसऱ्या दिवशी तोच माणूस बाजारात भाजी घ्यायला मोकळा. ट्रोलिंग बडग्यासारखंच चालतं, फक्त त्यात जाळणं नाही. फुटाळा तलावावर पाय घसरून पडलेल्या एखाद्या पोरीची क्लिप कुणी तरी टाकतो, तिने प्रसिद्धी मागितलेली नसते, आणि तीन वर्षांनी लग्न जुळवताना ती क्लिप समोरच्या घरी पोहोचते.

युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये गूगलला सांगितलं, की नावाने शोधल्यावर येणारे जुने, गैरलागू दुवे संबंधित माणसाने मागणी केल्यास काढावे लागतील. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. मात्र जी माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही, आणि दुसऱ्या कुणी व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक कारणासाठी वापरलेल्या माहितीलाही नाही. त्या पोरीची क्लिप कोणत्या खणात बसते, हे इथल्या वकील मंडळींनी सांगावं. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू.