सिला ब्लॅक: गाणारी सिला, बोलणारी सिला

४ जानेवारी २००३. शनिवारची रात्र. ब्रिटिश टीव्हीवरचा जोड्या जुळवणारा कार्यक्रम 'ब्लाइंड डेट' आज थेट प्रक्षेपित होतोय. १९८५पासून हा कार्यक्रम चालवणारी सिला ब्लॅक बोलता बोलता सांगून टाकते, आपण हे सोडतोय. वाहिनीचे साहेब बघतच राहतात.

टीव्हीवरची ही बाई मुळात गायिका. जन्म १९४३चा, लिव्हरपूलच्या स्कॉटलंड रोड भागातला. खरं नाव प्रिसिला व्हाइट. खाली न्हाव्याचं दुकान, वर बिऱ्हाड. आईचा बाजारात जुन्या कपड्यांचा ठेला. पोरगी ऑफिसात टायपिंग करायची आणि कॅव्हर्न क्लबात लोकांचे कोट सांभाळायची. तिथंच बीटल्स वाजवायचे, आणि कधीमधी हिच्याही हाती माइक यायचा. 'मर्सी बीट' या स्थानिक पत्राच्या संपादकाला तिच्या आडनावातला रंग काही आठवेना. त्यानं ब्लॅक छापलं, आणि तेच राहिलं.

बीटल्सच्या मॅनेजरनं, ब्रायन एपस्टाइननं, १९६३मध्ये तिला करारबद्ध केलं. बीटल्समधल्या लेनन-मॅकार्टनी जोडीनं दिलेलं पहिलं गाणं फारसं चाललं नाही. मग आलं 'एनीवन हू हॅड अ हार्ट'. अमेरिकेत ते डिऑन वॉर्विकनं गायलेलं, पण ब्रिटनमध्ये १९६४च्या फेब्रुवारीत पहिल्या क्रमांकावर पोचलं सिलाचं. वॉर्विकला हे वर्षानुवर्षं खुपलं, आणि तिचं अगदीच चुकलं असंही नाही. पण सिलाचा आवाज ऐका. सुरुवातीला जवळजवळ कुजबुज, आणि वर चढला की खणखणीत, थोडा कर्कशसुद्धा. गोड म्हणवत नाही, पण डोक्यातून जात नाही.

१९६७मध्ये एपस्टाइन गेला. पण जाण्याआधी बीबीसीशी तिचं बोलणं पक्कं करून गेला. पुढच्याच वर्षी तिचा 'सिला' हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, शीर्षकगीत पॉल मॅकार्टनीचं. सत्तरच्या दशकात तोही संपला, गाण्यांचा जोर ओसरला.

१९८३मध्ये टेरी वोगनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात ती पाहुणी म्हणून आली आणि लिव्हरपूलच्या आठवणी सांगत सुटली. लोक हसून हसून बेजार. ही बाई गाण्याशिवायही कार्यक्रम खेचू शकते, हे तेव्हा टीव्हीवाल्यांना कळलं. तिचा 'सरप्राइज सरप्राइज' हा कार्यक्रम आला, आणि पुढच्या वर्षी 'ब्लाइंड डेट'.

पडद्याच्या एका बाजूला एक मुलगी, पलीकडे स्टुलांवर तीन मुलगे. ती प्रश्न विचारणार, ते पाठ केलेली चटकदार उत्तरं देणार. निवड झाली की पडदा सरकतो. त्या एका क्षणात चेहरा पडला, तर तो साऱ्या देशाला दिसतो! मग लिफाफा उचलायचा, निघेल त्या सहलीला जायचं आणि पुढच्या आठवड्यात सोफ्यावर बसून एकमेकांची उणीदुणी काढायची. मधे सिला, लग्नघरातल्या आगाऊ मावशीसारखी. ती चिमटे काढायची, पण कुणाला रडवायची नाही. बीबीसीची परीटघडीची इंग्रजी तिनं कधी अंगाला लावली नाही. तिचा लिव्हरपुली हेल शेवटपर्यंत तसाच, आणि आमच्या मते अर्धं यश त्या हेलाचंच. इथं जुळलेल्या एका जोडप्यानं १९९१मध्ये खरोखरच लग्न केलं, तेव्हा सिला मांडवात हजर!

ऑगस्ट २०१५मध्ये स्पेनमधल्या घरी ती वारली. त्याच महिन्यात तिच्या निवडक गाण्यांचा संग्रह ब्रिटनच्या अल्बम-यादीत पहिला आला. हयातीत तिचा एकही अल्बम तिथवर पोचला नव्हता.