कावळा शिवेपर्यंत

(दृश्य: सकाळ. रामकुंडाच्या पायऱ्या, ओले पंचे, दर्भ, पितळी ताम्हन.)

नाशिक, पंचवटी. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी इथं येईतो पार शहरी झालेली असते. रामानं दशरथाचं श्राद्ध इथं केलं, अशी श्रद्धा. अस्थिविलय तीर्थात हाडं विरघळतात, हीही. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथंच सोडला गेला.

मी कॅमेरा घेऊन आलो तो आत्मा शोधायला. या वयात तो हाताशीच आहे असं वाटतं. बॅगेत कठोपनिषद होतं, खुद्द यमाला प्रश्न विचारणाऱ्या नचिकेताचं. इथं मात्र यमाला कुणी काही विचारत नव्हतं.

(दृश्य: दहाव्याचा विधी.)

भाताचे पिंड मांडलेत, वर काळे तीळ. सगळ्यांच्या माना वर. पत्र्यावर कावळा बसलाय, पण शिवत नाही. म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय.

"अण्णा, सोसायटीचं कर्ज मी फेडतो."

कावळा ढिम्म.

"धाकटीचं लग्न आम्ही भाऊ मिळून करून देऊ."

नुसती मान वाकडी. मग मागून एक म्हातारी पुढं होते. "गाय विकू देणार नाही हो मी. या आता."

घरात कुणी वर्षानुवर्षं काढला नाही तो विषय इथं मोठ्यानं बोलावा लागतो, आणि दिलेला शब्द अख्खी भावकी ऐकते. माझ्या पटकथेत मोक्ष होता, बांधावरचं भांडण नव्हतं. आता आहे.

आणि कावळा आलाच नाही तर? दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. ही सोय ज्यानं कुणी ठेवली, तो माणसं चांगली ओळखून होता.

(दृश्य: गोदाघाट, दुपार.)

याच नाशकात १९४४ साली दादासाहेब फाळके गेले. त्याच्या कितीतरी आधी, गोध्र्याला असताना, पहिली बायको आणि मूल त्यांनी प्लेगमध्ये गमावलं होतं. १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून वेल कसा वाढतो, हे त्यांनी थोडं थोडं टिपत एका छोट्या फिल्मवर आणलं. कारण व्यवहाराचं, भांडवल हवं होतं. मला मात्र ती प्लेगनंतरची फिल्म वाटते.

(दृश्य: पुन्हा घाट. दर्भ निवडणारे हात.)

शूटिंग आवरताना गुरुजींना विचारलंच, "आत्ता आत्मा कुठं असेल?"

"कॅमेरा जरा मागे घ्या," ते म्हणाले. "पुढचे यजमान उभे आहेत."